आईला काही आठवत नाही, मग ती घाबरते कशाला?

प्रश्न थोडक्यात असा: पत्र लिहिणाऱ्या ताई सातारा जिल्ह्यातल्या, पन्नाशीच्या, नोकरी सांभाळून आईला बघतात. आई ७८ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी रोजच्या मारुतीच्या देवळातून परत येताना ती रस्ता चुकली, मग तपासण्या झाल्या आणि अल्झायमर निघाला. वडील, म्हणजे अण्णा, त्याच्या आधीच गेले. आता दिवेलागणी झाली की आई रोज विचारते, "अण्णा आले का गं?" ताई खरं सांगतात, आई रडते, दहा मिनिटांत विसरते, पण नंतर जेवत नाही, दारापाशी येरझाऱ्या घालत राहते. मध्यंतरी एकदा ताई आईवर ओरडल्या, आई ते अर्ध्या तासात विसरली, पण संध्याकाळी शेजारच्या काकूंना म्हणाली, "या घरातली बाई चांगली नाहीये." ब्युरोतून रात्रीसाठी येणाऱ्या बाईंचं नाव आईला सांगता येत नाही, त्या आधी कधी आल्या होत्या हेही आठवत नाही, तरी त्या आल्या की आई अंग चोरून बसते. पाहुण्यांशी मात्र छान बोलते, आणि १९६७ चा कोयनेचा भूकंप तर काल झाल्यासारखा सांगते. पुण्यातला धाकटा भाऊ म्हणतो, "तिच्या लक्षातच राहत नाही तर तू सांभाळ नाहीतर सेंटरमध्ये ठेव, तिला काय फरक पडतो? मी येऊन तरी काय उपयोग, मी गाडीत बसेपर्यंत ती विसरलेली असते." ताई विचारतात: भाऊ म्हणतो ते बरोबर आहे का, रोज खरं सांगायचं की खोटं बोलायचं, बाई बदलायची का, आणि आई हे मुद्दाम तर करत नाही ना?

ताई,

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तुम्ही तो घाईघाईत खाली लिहिलाय पण मला वाटतं रात्री तोच तुम्हाला झोपू देत नाही. आई मुद्दाम करत नाहीये. नाटक करायचं तर कुणाला काय सांगितलं, कुणापासून काय लपवलं हे ध्यानात ठेवावं लागतं, आणि नेमकी तीच ताकद आईकडे उरलेली नाही. पाहुणे आले की ती "बसा, चहा टाकते" म्हणते, तब्येत विचारते, हे सगळं साठ वर्षं संसार करून अंगात मुरलेलं आहे, त्याला ताज्या आठवणी लागत नाहीत. ते गेल्यावर ती "कोण आलं होतं गं?" विचारते तेही खरं आणि मगाचं आदरातिथ्यही खरं.

आता भावाचं वाक्य. ते वाईट मनाने बोललेलं नाही असं मी धरून चालते, लांब राहणारी मुलं अशी बोलतात तेव्हा बऱ्याचदा स्वतःला सावरत असतात. पण त्या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि पत्र वाचून वाटलं की ती तुमच्याही मनात घर करून बसलीय, ती म्हणजे आईला जे आठवत नाही ते तिच्या बाबतीत घडलंच नाही. हे गृहीतक चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं आहे हे कळलं की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच सापडायला लागतील, म्हणून जरा मेंदूच्या आत जाऊन सांगते.

दोन्ही कानांच्या पातळीला, कवटीच्या आत, मेंदूचा जो भाग येतो त्याला टेम्पोरल लोब म्हणतात. त्याच्या आतल्या कडेला हिप्पोकॅम्पस असतो, एक डावीकडे एक उजवीकडे, साधारण चार-पाच सेंटीमीटर लांबीचा. आणि त्याच्या पुढच्या टोकाला अगदी लागून अमिग्डला असतो, जेमतेम दीड-दोन सेंटीमीटरचा गोळा, तोही दोन्ही बाजूंना. अमिग्डला दिसायला एक गोळा असला तरी आत बऱ्याच लहान लहान केंद्रांचा गट आहे. हे दोघं शेजारी आहेत, एकमेकांशी सतत बोलतात, पण कामं वेगळी.

हिप्पोकॅम्पसचं काम म्हणजे काय झालं, कुठे झालं, कधी झालं, कोण होतं हे सगळं एकत्र बांधून त्याची नवी नोंद करणं. आईच्या आजारात नेमकं हे काम आधी बंद पडतं. गावात जमिनीचा व्यवहार झाला, पैसे दिले, कब्जा घेतला, पण तलाठ्याकडे फेरफार नोंदवलाच नाही तर सातबाऱ्यावर काही दिसणार नाही, तसं आईचं झालंय, दिवसभर सगळं घडतं पण नोंद होत नाही. आणि मारुतीच्या देवळाचा रस्ता आधी का गेला त्यालाही कारण आहे. हिप्पोकॅम्पसच्या दारातच एन्टोरायनल कॉर्टेक्स नावाचा पट्टा आहे, अल्झायमरची सुरुवात साधारणपणे तिथून होते, आणि आपण कुठे आहोत, कुठून कुठे चाललोय याचा नकाशा ठेवणाऱ्या पेशी याच दोन भागांमध्ये आहेत. जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जागा ओळखणाऱ्या पेशी दाखवल्या, पुढे नॉर्वेच्या मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी २००५ मध्ये एन्टोरायनल भागातल्या नकाशा आखणाऱ्या पेशी शोधल्या, तिघांना मिळून २०१४ चं नोबेल मिळालं. बऱ्याच घरांत "अहो त्या ओळखीच्या रस्त्यावर चुकल्या" इथूनच या आजाराची गोष्ट सुरू होते ती याच्यामुळे.

अमिग्डला वेगळं काम करतो. समोर जे आलं ते आपल्यासाठी महत्त्वाचं आहे का, धोक्याचं आहे का, याची खूण तो लावतो आणि लगेच खाली हायपोथॅलॅमस (शरीराच्या आतल्या कामांवर ताबा ठेवणारा भाग) आणि मेंदूच्या देठाला कळवतो, मग छातीत धडधडतं, घाम फुटतो, अंग आखडतं. हे सगळं आपण विचार करून ठरवायच्या आधी होऊन जातं. फक्त भीतीच नाही, आनंदाच्या, मायेच्या गोष्टींवरही तो खूण लावतो, पण भीतीचं काम जास्त अभ्यासलं गेलंय. आणि एक सांगते, भावना म्हणजे फक्त अमिग्डला असंही नाही, मेंदूचे इतर बरेच भाग त्यात असतात, सोपं करून सांगण्याच्या नादात लोक सगळं त्या एकाच गोळ्यावर टाकतात.

आता रात्रीच्या बाईंचा प्रश्न. जिनिव्हामध्ये एदुआर क्लापारेद नावाचे डॉक्टर होते, त्यांनी १९११ मध्ये लिहून ठेवलेली एक हकिकत आहे. त्यांच्या एका स्त्री रुग्णाची नवी आठवण राहायचीच नाही, रोज भेटूनही डॉक्टरांना ती ओळखायची नाही. एक दिवस त्यांनी बोटांच्या मध्ये टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला, तिला टोचली. नंतर भेटल्यावर त्यांनी हात पुढे केला तर तिने आपला हात मागे घेतला. का, हे तिला धड सांगता येईना, टोचल्याची आठवणच नव्हती. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही आणि करूही नये, पण त्या बाईने हात मागे घेतला ही गोष्ट मी प्रत्येक घरातल्या माणसांना सांगते.

पुढे १९९५ मध्ये अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या गटाने हेच नीट मोजून दाखवलं. वेगवेगळ्या रंगांच्या स्लाइड दाखवायच्या आणि एका ठराविक रंगानंतर कर्कश भोंगा वाजवायचा. ज्या रुग्णाचा हिप्पोकॅम्पस निकामी होता त्याला कुठल्या रंगानंतर भोंगा वाजला हे सांगता आलं नाही, पण तो रंग आला की त्याच्या तळहाताला सूक्ष्म घाम यायचा. ज्याचा अमिग्डला निकामी होता त्याचं बरोबर उलटं, तो सगळं व्यवस्थित सांगायचा, या रंगानंतर भोंगा वाजतो म्हणून, पण अंगावर काहीच उमटायचं नाही. म्हणजे माहीत असणं आणि अंगाला कळणं हे दोन वेगळे रस्ते आहेत आणि एक बंद पडला तरी दुसरा चालू राहू शकतो.

म्हणून आई त्या बाईंना बघून अंग चोरते याकडे दुर्लक्ष करू नका. तिला सांगता येत नाही म्हणून तक्रार नाही असा अर्थ काढू नका. पण लगेच बाईंवर आरोपही करू नका हां, कारण या आजारात भीती चुकीच्या ठिकाणीही चिकटते. अमिग्डला स्वतःही या आजारात हळूहळू आकसतो, आणि पुढच्या टप्प्यात संशय, भास हेही येतात, आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांत आजीने सुनेवर पैसे चोरल्याचा आळ घेतलेला आहे आणि पैसे उशीखाली सापडलेत. तेव्हा आधी बघा. दोन-तीन संध्याकाळी लवकर घरी या आणि बाई आल्यापासून काय काय होतं ते नुसतं शेजारी बसून बघा. मला स्वतःला अशा वेळी सगळ्यात आधी बाथरूमवर संशय येतो. अंग पुसायला किंवा कपडे बदलायला अनोळखी बाई न सांगता पदराला हात घालते, पाणी गार असतं, घाई असते, आणि जिने आयुष्यभर मुलांसमोरही पदर ढळू दिला नाही तिला ते काय वाटत असेल. बाई मारत नसतील, ओरडतही नसतील, फक्त घाईत असतील, तरी रोज संध्याकाळी तीच खूण पक्की होत जाते. असं असेल तर बाईंनाच शिकवता येतं: आधी समोरून या, मागून नाही, नाव सांगा, हात हातात घ्या, "आजी, आता आपण साडी बदलूया हं" असं म्हणा, आईचा हात धरून तिलाच गाठ सोडू द्या. पहिले काही दिवस तुम्ही तिथे थांबा, बाईंच्या हातून आईला चहा, तिच्या आवडीचा लाडू मिळू दे. बहुतेक वेळा ती भीती काही आठवड्यांत मऊ पडते. पण अंगावर वळ दिसले, दंड दाबल्याच्या खुणा दिसल्या, किंवा तुम्ही बसलेल्या असतानाही बाईंचा आवाज चढला तर वाट बघू नका, ब्युरोला सांगून त्याच दिवशी बदला.

आणि ही भीती जर अचानक, दोन-चार दिवसांत वाढली असेल तर आधी डॉक्टर. म्हाताऱ्या माणसांत लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, दुखणारा दात, पडून झालेली न दिसणारी इजा, अगदी सर्दीच्या किंवा झोपेच्या काही गोळ्या, यांनीही एकदम गोंधळ आणि भीती वाढते, आणि घरातले म्हणतात आजार वाढला. झोपेची गोळी मनाने किंवा मेडिकलवाल्याला विचारून देऊ नका.

आता अण्णा. हा प्रश्न मला सगळ्यात जड वाटला.

आयोवाच्याच संशोधकांनी २०१० मध्ये हिप्पोकॅम्पस निकामी झालेल्या रुग्णांना दुःखाच्या चित्रफिती दाखवल्या, वेगळ्या वेळी आनंदाच्याही. थोड्या वेळाने विचारलं तर काय बघितलं ते त्यांना जवळजवळ आठवत नव्हतं, पण दुःख तसंच होतं. मग २०१४ मध्ये तिथेच अल्झायमरच्या रुग्णांवर हाच अभ्यास झाला आणि तेच दिसलं, चित्रफीत विसरली, भावना मागे राहिली, आणि आनंदापेक्षा दुःख जास्त टिकलं. त्यात एक गोष्ट अशी निघाली की मी ती वाचून बराच वेळ गप्प बसले होते: ज्यांना चित्रफितीतलं सगळ्यात कमी आठवत होतं त्यांचं दुःख जास्त वेळ राहिलं. विचार केला तर पटतं. आपल्याला वाईट वाटलं तर का वाटलं हे माहीत असतं, आपण मनाला समजावतो, कुणाला तरी सांगतो. आईकडे कारणच उरत नाही, नुसतं जड मन उरतं, आणि त्याचं काय करायचं ते तिला कळत नाही.

आता तुमची संध्याकाळ याच्या शेजारी ठेवून बघा. तुम्ही लिहिलंय की ती दहा मिनिटांत विसरते आणि मग "उगाचच" जेवत नाही, दारापाशी फिरते. ते उगाच नाहीये ताई. अण्णा गेल्याची बातमी तिला रोज संध्याकाळी पहिल्यांदा कळते. बातमी पुसली जाते, सुतक मागे राहतं. तुम्ही खरं बोलताय, तुमचा हेतू चांगला आहे, लहानपणापासून खोटं बोलू नये हे तिनेच तुम्हाला शिकवलं असेल. पण खरं सांगायचं ते समोरच्याला पुढचं आयुष्य त्या खऱ्याला धरून जगता यावं म्हणून, आणि आई ती माहिती घेऊन पुढे जाऊच शकत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, रोज ही बातमी देणं थांबवा.

मग खोटं बोलायचं का? लगेच नाही. "येतील हं, ऑफिसात काम आहे" हे सोपं वाटतं पण त्याने ती आणखी दाराकडे बघत बसते, काही जणी तर रात्री वाट बघत जाग्या राहतात. मधला रस्ता असतो. ती विचारते "अण्णा आले का?" तेव्हा तिच्या मनात काय चाललंय ते बघा, तिला बऱ्याचदा माहिती नको असते, तिला सोबत हवी असते, किंवा संध्याकाळ झाली आता घरातलं माणूस घरी यायची वेळ झाली ही जुनी सवय तिला हलवत असते. तुम्ही तिच्याजवळ बसा आणि म्हणा, "अण्णांची आठवण येतेय का गं? ते आले की आधी काय करायचे?" ती सांगेल, सायकल लावायचे, पाय धुवायचे, चहा मागायचे. तिला बोलू द्या. जुनं तिच्याकडे आहे, तुम्ही तिथे जाऊन तिला भेटताय. पाच-सात मिनिटांत तिचा सूर बदलतो असं मी पुष्कळ घरांत बघितलंय. आणि एखाद्या दिवशी ती तुमच्या डोळ्यांत बघून सरळ विचारेल, "ते गेले ना गं?" त्या दिवशी टाळू नका. हो म्हणा, हात धरा, तुम्हालाही रडू आलं तर येऊ द्या, आणि मग लगेच उठून कामाला लागू नका, ते जड मन हलकं होईपर्यंत तिथेच बसा.

शिवाय वेळ बघा. या आजारात शरीराचं घड्याळ बिघडतं आणि संध्याकाळी अस्वस्थता वाढते हे फार घरांत दिसतं. अंधार पडायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावा, सावल्या कमी करा, टीव्हीवरच्या बातम्या आणि भांडणाच्या सिरीयल त्या वेळेला बंद, आणि आईच्या हातात काहीतरी द्या. तुम्ही लिहिलंय की ती अजून वाती वळते. हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण मला त्या पत्रातली ती सगळ्यात कामाची ओळ वाटली.

कारण हातांची आठवण हिप्पोकॅम्पसकडे नसते. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचा माणूस होता, फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग, अमिग्डलासकट, काढून टाकला. त्यानंतर त्याला नवी आठवण जवळजवळ करताच आली नाही, २००८ मध्ये तो वारला तोपर्यंत. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ त्याला वर्षानुवर्षं तपासत होत्या. त्यांनी त्याला आरशात बघून चांदणीच्या कडेने रेघ काढायला दिली, अवघड काम आहे, करून बघा. तो रोज थोडा थोडा सुधारत गेला, आणि दर वेळेला म्हणायचा की हे मी पहिल्यांदाच करतोय. हाताचं कौशल्य मेंदूच्या वेगळ्या भागांत, खोलवरच्या बेसल गँग्लिया आणि मागच्या सेरेबेलममध्ये सांभाळलं जातं, आणि आईच्या आजारात ते भाग बऱ्याच उशिरापर्यंत तग धरतात.

म्हणून पाच वाजता तिच्यापुढे कापूस ठेवा. सरकी काढलेला, थोडा थोडा, परातीत. दुधाचं बोट लावून मांडीवर वात वळायची तिची जी पद्धत असेल ती असू दे, वात जाड झाली, वाकडी झाली तर बोलू नका. वळलेल्या वाती तिच्यासमोर डब्यात ठेवा आणि त्यातलीच एक तिच्यासमोर समईत लावा. तांदूळ निवडणं, मटार सोलणं, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या, ज्या घरात जे चालत असेल ते. हरिपाठ किंवा मनाचे श्लोक पाठ असतील तर तुम्ही पहिली ओळ म्हणा, पुढची ती उचलते का बघा. आणि परीक्षा घेऊ नका, "हे कोण ओळख बरं", "आज वार कुठला" हे प्रश्न बंदच करा, उत्तर न आल्याची लाज तिच्याजवळ राहते, प्रश्न विसरला तरी.

कोयनेच्या भूकंपाचं सांगते आता. तुमचं म्हणणं, सकाळचं खाल्लेलं आठवत नाही आणि ५०-६० वर्षांपूर्वीचं इतकं बारीक कसं. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ, लोक झोपेत. तेव्हा आई विशीतली, माहेर पाटणकडचं असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे अगदी त्याच पट्ट्यातलं. इतक्या जुन्या आठवणी हिप्पोकॅम्पसवर फारशा अवलंबून राहत नाहीत, त्या हळूहळू मेंदूच्या वरच्या थरांमध्ये पसरून बसलेल्या असतात, आणि या आजारात नवीन आधी जातं, जुनं मागून जातं. दुसरं म्हणजे त्या पहाटे तिच्या अंगात जे अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात सुटणारे रस, उसळलं असेल त्याने अमिग्डलाला चेतवलं, आणि चेतलेला अमिग्डला शेजारच्या हिप्पोकॅम्पसला ती नोंद घट्ट करायला लावतो. जपानमध्ये १७ जानेवारी १९९५ ला कोबेचा भूकंप झाला, तेव्हा तिथे आधीच अल्झायमर असलेली माणसं होती. नंतर त्यांना विचारलं तेव्हा बहुतेकांना भूकंप झालेला आठवत होता, पण त्याच सुमारास झालेली एमआरआय तपासणी फार थोड्यांना आठवत होती. आणि ज्यांचा अमिग्डला जास्त आकसलेला होता त्यांच्या भूकंपाच्या आठवणी जास्त पुसट होत्या. म्हणजे आई भूकंप सांगते ती बढाई नाही आणि नाटकही नाही. फक्त एवढं, इतक्या वेळा सांगितलेल्या आठवणीत तपशील थोडे सरकलेले असतात, तेव्हा "मागच्या वेळी तू वेगळं सांगितलंस" असं म्हणू नका. आणि सांगताना तिचा श्वास वाढत असेल, हात थरथरत असतील तर तिथेच हलकेच विषय बदला, मग त्या पहाटेनंतर लोकांनी एकत्र चूल कशी पेटवली, कुणी आसरा दिला, तिकडे तिला न्या.

तुमच्या ओरडण्याबद्दल. त्या दिवशी संध्याकाळी काकूंना ती जे म्हणाली ते तुम्हाला फार लागलंय. तिच्यापाशी ओरडणं राहिलं नाही, ओरडणाऱ्याबद्दलची नावड राहिली, आणि तुमचं नाव त्या क्षणी तिला सापडलं नाही म्हणून "या घरातली बाई". ती तुमच्याबद्दल आईने दिलेला निकाल नाही. दिवसभर नोकरी, घर, रात्रीची जाग, यात माणूस ओरडतो. पण नंतर काय करायचं ते सांगते, कारण इथे सगळे चुकतात: तिला समजावत बसू नका, "मी ओरडले कारण तू गॅस चालू ठेवलास" हे तिच्या कामाचं नाही, गॅस तिला आठवतच नाही. जागा बदला, अंगणात किंवा गॅलरीत न्या, आवाज खाली आणा, डोक्याला तेल लावा, काही गोड खायला द्या. ज्या रस्त्याने वाईट वाटणं मागे राहतं त्याच रस्त्याने बरं वाटणंही मागे राहतं.

आणि हेच भावाला सांगायचंय. तो गाडीत बसेपर्यंत ती त्याचं येणं विसरते हे खरं आहे. तो गेल्यावर ती दुपारभर कशी असते हे त्याने कधी बघितलेलं नाही, कारण तो गाडीत असतो. पुढच्या वेळी तो गेल्यावर तासाभराने आईचा साधा व्हिडिओ काढा आणि त्याला पाठवा, सोबत टोमणा लिहू नका. त्याला एवढंही सांगा की आल्या आल्या "आई, ओळखलंस का?" विचारायचं नाही, समोर बसून "आई, मी आलोय, तुझा धाकटा" असं म्हणायचं, सकाळच्या वेळी यायचं, तासभर बसलं तरी पुरे, मोबाइल खिशात ठेवून. येता येत नसेल तर सकाळी व्हिडिओ कॉल, पाचच मिनिटं, आणि प्रश्न विचारण्यापेक्षा त्यानेच काहीतरी सांगावं.

सेंटरचा विषय मात्र त्याने काढला म्हणून झिडकारू नका. भारतात साठीच्या पुढच्या साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) असल्याचा अंदाज आहे आणि त्यांना बहुतेक सगळीकडे घरातली एकच बाई सांभाळते, मुलगी किंवा सून, तिची पाठ जाईपर्यंत. सेंटरमध्ये ठेवणं म्हणजे आईला टाकणं असं मी मानत नाही. माझा विरोध "तिला काय फरक पडतो" याला आहे. फरक पडतो, म्हणून सेंटर निवडताना खोल्या आणि बाग बघून ठरवू नका, संध्याकाळी सहा वाजता, न सांगता जा आणि जेवणाच्या वेळी तासभर बसा. मदतनीस म्हाताऱ्यांना हाक कशी मारतात, घास भरवताना तोंडाकडे बघतात की टीव्हीकडे, कुणाला खुर्चीला बांधून ठेवलंय का, माणसं दर महिन्याला बदलतात की तीच राहतात, नातेवाइकांना कधीही येऊ देतात का, तिची गोधडी, तिचे देव बरोबर ठेवू देतात का. आईला तिथल्या कुणाचंही नाव लक्षात राहणार नाही, तरी कोणापाशी निवांत बसायचं आणि कोणाला बघून अंग चोरायचं हे तिला कळेल. आधी दिवसापुरतं, मग दोन दिवस, असं ठेवून बघा आणि ती परत आल्यावर कशी जेवते, कशी झोपते ते बघा.

खर्चाचं भावाबरोबर या महिन्यातच बोला, आणि "तू बघत नाहीस" पासून सुरुवात करू नका, आकडे मांडा: रात्रीच्या बाईंचे किती, औषधांचे किती, तुमच्या किती रजा गेल्या. वर्षातले काही आठवडे त्याने आईजवळ राहायचं किंवा तेवढ्या काळाचं सेंटर त्याने भरायचं, यातलं एक त्याला निवडू द्या. तुम्हाला स्वतःला फार भरून आलं तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, आणि ज्येष्ठांच्या कामांसाठी एल्डर लाइन १४५६७, दोन्ही फुकट. आणि डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाताना आठवड्याभराची एक वही न्या, आई किती वाजता अस्वस्थ झाली, त्याआधी तासाभरात घरात काय झालं होतं, काय खाल्लं, पोट साफ झालं का, कोण जवळ होतं. गोळ्या ठरवताना डॉक्टरांना या वहीचा फार उपयोग होईल, आणि रात्रीच्या बाईंचं काय करायचं तेही त्यातूनच ठरेल.